आधी ती टकटक, मग एसएसडी

वाचकाचं पत्र: "घरचा डेस्कटॉप नऊ वर्षांचा आहे. चार कोअरचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि एकच १ टीबीची हार्ड डिस्क. सुरू व्हायला पाच मिनिटं घेतो, सी ड्राइव्ह लाल झालाय, मागचे यूएसबी पोर्ट पुरत नाहीत. मी यादी केली आहे: ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, ४ टीबीची हार्ड डिस्क, यूएसबीचं कार्ड आणि साटा पोर्ट वाढवायचं कार्ड. धाकटा भाऊ म्हणतो, एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवाच घे. यादी बरोबर आहे का? कॅबिनेट मी आजवर उघडलेलं नाही, मला स्वतःला जमेल का? ता. क. हल्ली मधूनच आतून टकटक असा आवाज येतो आणि मिनिटभर सगळं थिजतं. सगळे फोटो आणि आईच्या आवाजातली रेकॉर्डिंग याच डिस्कवर आहेत."

नमस्कार.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ताजा कलमात आहे, म्हणून यादीकडे वळण्याआधी तिच्याबद्दल. टकटक येते आणि नेमकं त्याच वेळी सगळं थिजतं, हे दोन्ही एकत्र घडत असेल तर डिस्कला एखादा भाग वाचता येत नाहीये आणि ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करतेय, अशी दाट शक्यता आहे. अशा डिस्कचे किती दिवस उरलेत हे कुणीच सांगू शकत नाही. काही महिनोन्‌महिने तशाच चालतात, काही त्याच संध्याकाळी बंद पडतात. त्यामुळे एसएसडी कोणती आणि कार्ड कोणतं हा प्रश्न नंतरचा. आज त्या डिस्कवरचा डेटा बाहेर काढायचा.

बाहेरून जोडायची एखादी यूएसबी डिस्क मिळवा, कुणाकडून चार दिवसांसाठी मागून आणली तरी चालेल. जे पुन्हा कधीच मिळणार नाही ते सगळ्यात आधी कॉपी करा. तुमच्या बाबतीत ती रेकॉर्डिंग, मग फोटो, मग कागदपत्रं. डाउनलोड फोल्डर आणि प्रोग्रॅम राहिले तरी बिघडत नाही. सगळं एकदम ओढू नका, लहान लहान गठ्ठे करा. एखाद्या फाइलपाशी कॉपी अडकली तर तिच्यापाशी थांबू नका, ती सोडून पुढचं उचला, अडलेल्या फाइली शेवटी. आणि काळजीपोटी विंडोजमधली डिफ्रॅग (विखुरलेल्या फाइली सलग लावणं) किंवा चेकडिस्कची दुरुस्ती चालवू नका. दोन्ही कामांत आजारी डिस्कला अख्ख्या पृष्ठभागावर राबवलं जातं, आणि चेकडिस्क तर फाइलींच्या नोंदीही बदलतो. तुमच्या ओळखीत लिनक्स वापरणारं कुणी असेल तर त्यांना 'डीडीरेस्क्यू' म्हणून सांगा. हा प्रोग्रॅम आधी सहज वाचता येणारे भाग उचलून ठेवतो, अडणारे भाग मागे ठेवतो आणि कुठपर्यंत आलो याची नोंद वेगळ्या फाइलमध्ये राखतो, म्हणजे काम मध्येच तुटलं तरी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही.

मधेच डिस्क दिसेनाशी झाली तर संगणक बंद करा आणि पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. डेटा परत मिळवून देणारे तज्ज्ञ असतात, तिथून पुढचं काम त्यांचं. झाकण उघडून बघणं, डिस्क फ्रीजमध्ये ठेवणं असले उपाय कुणी सुचवले तर ऐकू नका. चालू डिस्कमध्ये वाचणारं हेड तबकडीच्या वर जेमतेम काही नॅनोमीटर तरंगत असतं. धुळीचा साधा कण त्या फटीच्या कितीतरी पट मोठा असतो.

कॉपी झाल्यावर, आधी नाही, 'क्रिस्टलडिस्कइन्फो' सारख्या प्रोग्रॅममध्ये डिस्कच्या स्मार्ट नोंदी, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ठेवते त्या नोंदी, बघा. त्यात ५ क्रमांकाची नोंद बदली केलेल्या सेक्टरची (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा) आणि १९७ क्रमांकाची वाचता न आलेल्या, निर्णय बाकी असलेल्या सेक्टरची. या दोन्हींपैकी एकीपुढे जरी शून्याहून मोठा आकडा असेल, आणि तो आठवड्याभरात वाढत असेल, तर डिस्क गेली असंच समजा. फक्त १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कला मदरबोर्डशी जोडणाऱ्या साटा केबलचा असतो, तो केबल बदलून सुटतो. टकटकही कधी कधी पंख्याच्या पात्यांना वायर घासल्याने येते. तसं निघालं तर उत्तमच, पण कॉपी काही वाया जात नाही.

हे मी इतकं लावून धरतोय त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी मी माझ्या डेस्कटॉपचा एसएमपीएस, म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, बदलला. जुना आणि नवा, दोन्हींच्या केबल सुट्या करता येणाऱ्या होत्या. आत नीट बसवलेल्या जुन्या केबल काढायचा कंटाळा आला, टोकं तशीच नव्या एसएमपीएसमध्ये बसली, म्हणून राहू दिल्या. डिस्कच्या बाजूच्या पिना ठरलेल्या असतात, पण एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी प्रत्येक कंपनी आपापली ठरवते, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही ती वेगळी असते. बटण दाबताच डिस्कच्या ५ व्होल्टच्या वाटेवर १२ व्होल्ट गेले आणि दोन डिस्क एका क्षणात जळाल्या. एकीवर घरचे फोटो होते. दुसरीवर त्यांचीच प्रत होती. मी प्रत ठेवली होती, पण त्याच कॅबिनेटमध्ये, त्याच केबलवर. त्यातले काही फोटो नातेवाइकांकडून परत मिळाले, बाकीचे गेले. म्हणून तुमची बाहेरची डिस्क कॉपी झाल्यावर काढून कपाटात ठेवा, संगणकाला जोडलेली ठेवू नका. आणि एसएमपीएस कधी बदललात तर त्याच्याच खोक्यातल्या केबल वापरा.

आता यादी.

तुमच्या दोन तक्रारी आहेत, संगणक हळू चालतो आणि जागा संपली, आणि त्या वेगवेगळ्या आहेत. हळूपणाचं मूळ हार्ड डिस्कच्या यंत्रात आहे. मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेणाऱ्या डिस्कला एक फेरी घ्यायला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा तो भाग हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, शिवाय हेड योग्य रेषेवर सरकायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. म्हणजे इकडेतिकडे विखुरलेल्या लहान फाइली वाचायच्या तर सेकंदाला ऐंशीच्या आसपास. विंडोज सुरू होताना हजारो लहान फाइली वाचाव्या लागतात, तुमची पाच मिनिटं तिथे जातात. त्यात डिस्क आजारी असेल तर आणखी. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, तिला तीच फाइल शोधायला साधारण एक दशांश मिलिसेकंद किंवा त्याहून कमी लागतो. तुमचा प्रोसेसर आणि १६ जीबी रॅम रोजच्या कामाला आजही पुरेशी आहे. अडलंय ते डिस्कपाशी.

म्हणूनच एसएसडी एनव्हीएमई असावी की साटा (एसएसडी जोडण्याच्या या दोन पद्धती, पहिली नवी आणि वेगवान, दुसरी जुनी), यावर फार झोप घालवू नका. साटाची एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत जाते, पीसीआय एक्सप्रेस ३.० (मदरबोर्डवरच्या स्लॉटची जोडणी) च्या चार लेन, म्हणजे डेटा जाण्याच्या चार वाटा, वापरणारी एनव्हीएमई ३,५०० एमबीपर्यंत. कागदावर सहापट. पण हार्ड डिस्कवरून या दोन्हींपैकी कोणत्याही एकीवर आलात की जो फरक जाणवतो, त्यापुढे या दोघींमधला फरक रोजच्या कामात क्वचित लक्षात येतो. मोठमोठे व्हिडिओ इकडून तिकडे हलवणाऱ्याला तो दिसतो, ईमेल आणि फोटो बघणाऱ्याला नाही. मदरबोर्डवर जागा असेल तर एनव्हीएमई घ्या, नसेल तर साटा घ्या आणि समाधानाने वापरा.

जागा आहे का, हे मात्र खरेदीआधी बघायचं. विंडोजमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडा, त्यात बेसबोर्डच्या ओळींत मदरबोर्डचा निर्माता आणि मॉडेल असतं. त्या मॉडेलचं मॅन्युअल निर्मात्याच्या साइटवरून उतरवा आणि त्यातला स्लॉटचा तक्ता नीट वाचा. नऊ वर्षांपूर्वीच्या पुष्कळ बोर्डांवर एम.२ स्लॉट, म्हणजे पट्टीसारखी एसएसडी बसवायची जागा, असतो, पण एम.२ हे आकाराचं नाव आहे, वेगाचं नाही. त्याच आकाराच्या स्लॉटमध्ये एखाद्या बोर्डावर फक्त साटाची पट्टी चालते, एखाद्यावर फक्त एनव्हीएमई, काहींवर दोन्ही. पट्ट्याही सारख्या दिसतात. साटाच्या पट्टीला बहुधा दोन खाचा असतात आणि एनव्हीएमईच्या पट्टीला एक, पण खाचांवर विसंबू नका, पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा. आकडा २२८० असेल तर पट्टी २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब, तेवढी जागा आणि तिथे स्क्रूचं भोक आहे का बघा. तक्त्याखाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ असते, ती हमखास सुटते: एम.२ मध्ये पट्टी बसवल्यावर अमुक क्रमांकाचा साटा पोर्ट बंद होईल. नवी डिस्क नेमकी त्याच पोर्टला लावून 'डिस्क खराब निघाली' म्हणून परत करणारे लोक मी पाहिले आहेत.

पीसीआय एक्सप्रेस ४.० ची एसएसडी स्वस्तात मिळत असेल तर ती ३.० च्या स्लॉटमध्ये बिनदिक्कत चालते, फक्त ३.० च्या वेगाने.

एम.२ स्लॉट नसेलच तर पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसणारं एम.२ ॲडॉप्टर कार्ड मिळतं. ते साधं असतं, आत फारसं काही नसतं. पण इथे लेनचा हिशेब समजून घ्यायला हवा, कारण तोच यूएसबी कार्डालाही लागू आहे. स्लॉटची लांबी आणि त्यात खरोखर जोडलेल्या लेन या दोन वेगळ्या गोष्टी. पूर्ण लांबीचा एक्स१६ (सोळा लेनच्या मापाचा) स्लॉट आतून चारच लेनचा असू शकतो. लहान कार्ड लांब स्लॉटमध्ये चालतं, त्यात काही गैर नाही. ३.० ची एक लेन सेकंदाला साधारण ९८५ एमबी नेते, २.० ची ५००. म्हणजे एनव्हीएमई पट्टी एका लेनच्या जुन्या स्लॉटमध्ये बसवलीत तर ती साटाच्या एसएसडीपेक्षाही मागे पडेल. ॲडॉप्टर घ्यायचंच तर चार लेनच्या स्लॉटसाठी घ्या. आणि बोर्डाचं बायोस (विंडोजच्या आधी चालणारा, बोर्डावरचा प्रोग्रॅम) एनव्हीएमईवरून विंडोज सुरू करू शकतं का, हेही मॅन्युअलमध्ये बघा. फार जुन्या बोर्डांना ते जमत नाही, ती पट्टी नुसती साठवणीसाठी वापरू शकतात. तुमच्या वयाच्या बोर्डाला बहुधा जमतं, फार तर बायोस अद्ययावत करावं लागेल.

साटा पोर्ट वाढवायचं कार्ड यादीतून काढून टाका. एनव्हीएमई पट्टी बसली तर साटावर तुमची फक्त नवी हार्ड डिस्क उरते, आणि काही दिवस जुनी. बहुतेक बोर्डांवर चार किंवा सहा साटा पोर्ट असतात. आत मोजून बघा, त्याबरोबर एसएमपीएसकडून येणारी साटाची वीज-टोकं किती मोकळी आहेत तेही मोजा. पोर्ट उरतात आणि वीज-टोकं कमी पडतात असंच जास्त वेळा होतं. मग लोक चार पिनांच्या जुन्या मोलेक्स टोकाला जोडायचं ॲडॉप्टर आणतात. त्यात प्लास्टिक ओतून एकसंध घडवलेलं टोक असेल तर ते घेऊ नका, आत वायरी एकमेकींना चिकटून तापल्याच्या आणि जळाल्याच्या घटना झालेल्या आहेत. वायरी वेगवेगळ्या दिसतात, दाबून बसवलेल्या असतात, तसं टोक घ्या.

४ टीबीच्या हार्ड डिस्कबद्दल थोडंच. ती जोडल्यावर 'धिस पीसी'मध्ये दिसणार नाही, घाबरू नका. 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये जाऊन ती जीपीटी पद्धतीने इनिशिअलाइझ करायची. जुन्या एमबीआर पद्धतीत सुमारे २.२ टीबीच्या पुढची जागा वापरताच येत नाही. तिथे डिस्क निवडताना आकारमान दोनदा वाचा, चुकून जुनी डिस्क पुसली जायला एकच क्लिक पुरतो. विंडोज ४ टीबीऐवजी ३.६४ च्या आसपास आकडा दाखवेल. निर्माते हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १,०२४ च्या पटीत, जागा कुठे गेलेली नसते. माहितीपत्रकात सीएमआर लिहिलेली मिळाली तर तीच घ्या. एसएमआर प्रकारात लेखनाच्या रेषा एकमेकींवर चढलेल्या असतात, मोठा साठा सलग लिहिताना ती फार रेंगाळते.

यूएसबी कार्ड घेण्याआधी बोर्डावर एक रुंद, १९ पिनांचं यूएसबी ३.० चं टोक रिकामं आहे का बघा. पुष्कळ कॅबिनेटांत ते कधी जोडलेलंच नसतं. असेल तर मागच्या पट्टीला लावायचं दोन पोर्टांचं साधं जोडण मिळतं आणि स्लॉटही वाचतो. नसेल तर कार्ड घ्या, पण चार पोर्टांचं एक्स१ कार्ड म्हणजे चौघांत एकच लेन हे लक्षात असू द्या. कीबोर्ड, माउस, प्रिंटर त्यावर सुखाने चालतील. बाहेरची डिस्क बोर्डाच्या स्वतःच्या पोर्टला लावा. विजेचंही बघा: यूएसबी ३.० चा एक पोर्ट ४.५ वॉटपर्यंत मागू शकतो, चार मिळून १८. म्हणून वेगळं वीज-टोक असलेलं कार्ड बरं. ग्राफिक्स कार्ड जाडजूड असेल तर शेजारचा स्लॉट त्याच्याखाली झाकला गेलेला असतो, तोही बघून ठेवा. आणि कॅबिनेट अरुंद असेल तर कार्डाबरोबर आखूड धातूची पट्टी येते ना, हे घेतानाच विचारा.

तुम्हाला स्वतःला जमेल का? हो, नक्की जमेल. स्क्रूड्रायव्हर धरता येत असेल आणि घाई नसेल तर एवढं पुरतं. संगणक बंद करा, मागची वायर काढा, मग पॉवरचं बटण पाच-सात सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेला भार उतरतो. कॅबिनेट आडवं करा, झाकण काढा आणि काहीही हलवण्याआधी मोबाइलवर चारपाच फोटो काढून ठेवा. प्रत्येक वस्तूला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, अंगावरची स्थिर वीज तिथे उतरते. एम.२ पट्टी तिरकी, साधारण तीस अंशांत आत सरकवायची आणि मग हलकेच खाली दाबून स्क्रू लावायचा. स्क्रू आवळून घट्ट करायची गरज नाही. वर धातूचं झाकण असेल तर त्याच्या चिकट पट्टीवरचा पातळ प्लास्टिकचा पापुद्रा काढायला विसरू नका. कार्ड बसवताना दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या. सोनेरी पट्टा दिसेनासा झाला की ते बसलं, मग मागच्या धातूच्या पट्टीचा स्क्रू. एका वेळी एकच वस्तू बसवा, संगणक चालू करून ती दिसते का बघा, मग पुढची. तिन्ही एकदम बसवून काही अडलं तर नेमकं कशामुळे, हे शोधण्यात दिवस जातो.

जुनी डिस्क तशीच्या तशी नव्या एसएसडीवर उतरवून घ्या, असा सल्ला तुम्हाला मिळेल. डिस्क निरोगी असती तर मीही तोच दिला असता. आजारी डिस्कवरून नका करू, खराब फाइलीही नव्या जागी येतील. विंडोज कोरं बसवा. त्याचा पेन ड्राइव्ह जुना संगणक चालू असतानाच तयार करून ठेवा. बसवताना एसएसडी सोडून बाकी सगळ्या डिस्कच्या केबल काढून ठेवा. हे फार महत्त्वाचं आहे, कारण दुसरी डिस्क जोडलेली असेल तर विंडोज सुरुवातीचा विभाग कधी कधी तिच्यावर टाकतं, आणि पुढे ती डिस्क काढली की संगणक सुरूच होत नाही. पेन ड्राइव्ह निवडताना नावाआधी 'यूईएफआय' लिहिलेला पर्याय घ्या. तुमचं विंडोज डिजिटल परवान्यावर असेल तर तो मदरबोर्डशी जोडलेला असतो, डिस्क बदलली तरी इंटरनेट जोडल्यावर पुन्हा मान्य होतो.

भावाचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, त्यात एक गोष्ट खरी आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला, प्रोसेसर इंटेलचा असेल तर, साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. तुमचा नऊ वर्षांचा प्रोसेसर त्या यादीत बसण्याची शक्यता कमी. म्हणजे पुढेमागे लिनक्स बसवणं किंवा बोर्ड बदलणं हा विचार करावा लागेल. पण एसएसडी, हार्ड डिस्क आणि यूएसबी कार्ड, तिन्ही वस्तू नव्या डेस्कटॉपमध्येही तशाच जातात. त्यांवरचा खर्च वाया जात नाही. म्हणून क्रम असा: आज कॉपी, मग मॅन्युअल, मग एसएसडी, ती आठवडाभर नीट चालली की हार्ड डिस्क. कार्डाचं सगळ्यात शेवटी बघा, कदाचित तोवर गरजही राहणार नाही.

जुनी डिस्क लगेच पुसू नका किंवा कुणाला देऊ नका, केबल काढून तशीच ठेवून द्या. आणि आईची रेकॉर्डिंग कॉपी झाली की त्यातली प्रत्येक फाइल बाहेरच्या डिस्कवरून सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवून ऐका. नाव आणि आकारमान बरोबर दिसलं तरी मधला भाग वाचला गेला नसेल, तर ते फक्त ऐकूनच कळतं, आणि पुन्हा प्रयत्न करायला जुनी डिस्क अजून हाताशी आहे.